प्लॅस्टिक मॉडेलवरचा जुना रंग उतरवताना: थिनर, ब्रेक ऑइल आणि इतर पर्याय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या थोरल्या भावाने शाळेत असताना जोडलेले आणि ब्रशने रंगवलेले १/७२ प्रमाणातील सी हॅरियर विमानाचे मॉडेल माळ्यावर सापडले. रंगाचा थर जाड आहे आणि पॅनेल लाइन, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या बारीक खाचा, बुजल्या आहेत. तो रंग पूर्ण उतरवून भारतीय नौदलाच्या सुरुवातीच्या रंगसंगतीत, म्हणजे वरून गडद करडे आणि खालून पांढरे, असे ते पुन्हा रंगवण्याची तुमची इच्छा आहे. म्हापशातील हार्डवेअरवाल्याने थिनर सुचवले, गॅरेज चालवणाऱ्या मित्राने ब्रेक ऑइल सांगितले, आणि या दोहोंपैकी सुरक्षित कोणते, असे तुम्ही विचारता. घरात लहान मुले आहेत आणि परसात पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, हेही तुम्ही लिहिले आहे. ते लिहिले हे फार चांगले केले, कारण माझ्या उत्तराचा बराच भाग त्यावरच अवलंबून आहे.

थिनरविषयी आधी सांगतो, कारण त्यात दुमत नाही: ते वापरू नका. हार्डवेअरच्या दुकानात एन. सी. थिनर म्हणून जे मिळते त्यात टोल्युइन आणि त्या जातीची तीव्र द्रावके असतात. किटचे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि पॉलिस्टायरीन टोल्युइनमध्ये विरघळते. मॉडेल जोडताना आपण जे प्लॅस्टिक सिमेंट वापरतो ते याच गुणावर चालते: त्यातील द्रावक दोन्ही कडा मऊ करते, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर जोड पक्का होतो. कडेवर जे हवेसे वाटते तेच पंखाच्या पृष्ठभागावर झाले तर रंगाबरोबर पॅनेल लाइन, रिव्हेट आणि पंखाची पातळ कड हे सगळेच जाते, आणि ते परत आणता येत नाही. नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन, पेट्रोल आणि लाकडावरचा किंवा लोखंडावरचा रंग उतरवण्यासाठी मिळणारे पेंट रिमूव्हर ही सगळी याच कारणासाठी वर्ज्य समजावीत.

यातून खरा प्रश्न कोणता ते स्पष्ट होते. जुना रंग विरघळवणारे द्रव पुष्कळ आहेत. रंगाखालचे प्लॅस्टिक, जोडातील गोंद, भरलेली पुट्टी आणि पारदर्शक भाग यांना जो धक्का लावत नाही तोच द्रव आपल्याला हवा असतो. म्हणून मी निवड करताना रंगाकडे नंतर आणि जे वाचवायचे आहे त्याकडे आधी पाहतो. सर्वांत सौम्य द्रवापासून सुरुवात करावी, त्याला भरपूर वेळ द्यावा, आणि तो खरोखर हरला तरच पुढच्या द्रवाकडे वळावे. घाईत थेट तीव्र द्रवाकडे गेलेली मॉडेल माझ्याकडे दुरुस्तीला येतात आणि त्यांच्या बाबतीत करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

त्याआधी एक विचारतो: रंग पूर्ण उतरवण्याची खरोखरच गरज आहे का? थर पातळ आणि घट्ट बसलेला असेल, फक्त धूळ किंवा ब्रशच्या रेषा दिसत असतील, तर १००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने पाण्याखाली हलके घासून, प्रायमर मारून त्यावरच नवा रंग देता येतो, आणि मॉडेलच्या दृष्टीने तो मार्ग सर्वांत निर्धोक असतो. तुमच्या वर्णनाप्रमाणे पॅनेल लाइन बुजल्या असतील तर मात्र घासून उपयोग नाही, कारण पॉलिश कागद उंचवटा घालवतो, खाचेतला रंग काढत नाही. अशा वेळी उतरवणेच योग्य.

आता रंग कोणता असावा याचा अंदाज घेऊ. शाळकरी मुलाने त्या काळी रंगवलेले मॉडेल म्हणजे दोनच शक्यता जास्त: हंब्रोलसारख्या डबीतला छंदाचा इनॅमल, किंवा तो न मिळाल्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला दारे-खिडक्यांचा सिंथेटिक इनॅमल. दोन्ही अल्किड जातीचे रंग आहेत. ते केवळ द्रावक उडून वाळत नाहीत; हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, आणि ही क्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. ज्या टर्पेंटाईनने ओला इनॅमल ब्रशवरून सहज निघतो ते जुन्या इनॅमलवर जवळजवळ निष्प्रभ ठरते ते यामुळेच. अलीकडचे ॲक्रिलिक रंग वेगळे. टामिया कंपनीचा ॲक्रिलिक अल्कोहोलमध्ये लगेच सुटतो. लॅकर जातीचे रंग आणि प्रायमर यांची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण त्यांची मूळ द्रावकेच पॉलिस्टायरीनला खाणारी असल्यामुळे ते प्लॅस्टिकला चिकटतातही जास्त आणि निघतातही कष्टाने. तुमच्या मॉडेलला त्या काळी प्रायमर मारलेला असण्याची शक्यता कमी आहे, ही तुमच्या दृष्टीने जमेची बाजू.

खात्री करण्यासाठी कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पंखाच्या खालच्या बाजूला, आतल्या कोपऱ्यात, मिनिटभर हलके फिरवा. काडीला लगेच रंग लागला तर तो ॲक्रिलिक. रंग न लागता पृष्ठभाग किंचित मऊ किंवा सुरकुतलेला वाटला तर तो बहुधा इनॅमल. काहीच झाले नाही तर निष्कर्ष काढू नका. जुन्या इनॅमलला मिनिट पुरत नाही.

यानंतर सुटे होण्यासारखे सगळे भाग सुटे करा. हॅरियरच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्याच्या पोटाला दोन्ही बाजूंना मिळून चार फिरते नोझल, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी तोंडे, असतात आणि बहुतेक किटमध्ये ते आतल्या पोकळीत उघडतात. मॉडेल बुडवले की द्रव नोझलमधून, हवा घेण्याच्या दोन मोठ्या तोंडांतून आणि कॉकपिटमधून आत शिरतो, आणि बाहेर येताना मात्र थेंबाथेंबाने येतो. नवा रंग दिल्यावर आठवड्याने एखाद्या जोडातून ओघळ फुटतो तो या अडकलेल्या द्रवाचा असतो. नोझल हाताने हलत असतील तर हलक्या हाताने ओढून काढा. ते घट्ट चिकटले असतील तर पुढच्या चाकाच्या कप्प्यात, जिथे दिसणार नाही तिथे, दोन मिलिमीटरचे छिद्र पाडून ठेवा, म्हणजे द्रव आणि नंतर धुण्याचे पाणी निथळून जाईल. नाकात वजनासाठी शिशाचे गोळे बसवलेले असतील तर मॉडेल हलवून पाहा. ते आत खुळखुळत असतील तर आधी बाहेर काढावेत.

जोडांचा विचारही आताच करा. प्लॅस्टिक सिमेंटने केलेले जोड पुढे येणाऱ्या कोणत्याही द्रवात सहसा सुटत नाहीत, कारण तिथे वेगळा गोंद उरलेलाच नसतो. फेविक्विकने चिकटवलेले भाग जास्त वेळ भिजल्यावर सैल होऊ शकतात. एम-सीलसारखी दोन भागांची पुट्टी टिकते, गाडीच्या रंगकामात वापरतात ती एन. सी. पुट्टी मऊ पडू शकते. जोड सुटले तर ते नुकसान समजू नका. पुन्हा स्वच्छ जोडण्याची संधीच मिळते. जुने डीकॅल, म्हणजे चिकटवलेली छापील चिन्हे, मात्र हमखास जातील, म्हणून बदली डीकॅल हाती आल्याशिवाय काम सुरू करू नका, आणि आत्ताच्या चिन्हांचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवा.

पहिला प्रयत्न आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट पुसायला जे वापरतात तेच. शक्यतो ९९ टक्के शुद्धतेचे घ्या. औषधाच्या दुकानातील ७० टक्क्यांचे ॲक्रिलिकला चालते, पण जुन्या इनॅमलपुढे त्यातले पाणी आड येते. हँड सॅनिटायझर नको, त्यातील घट्ट करणारा पदार्थ खाचांत बसतो. भांडे काचेचे, घट्ट झाकणाचे असावे. पार्टीत वापरतात ते टणक पारदर्शक ग्लास बऱ्याचदा पॉलिस्टायरीनचेच असतात, ते या कामात कुठेच आणू नका, कारण पुढे द्रव बदलावा लागला तर भांडेच दगा देईल.

पहिल्यांदा संपूर्ण मॉडेल बुडवू नका. एखादा लहान भाग, उदाहरणार्थ पंखाखालची इंधनटाकी, आणि त्याच किटचा स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, तुकडा उरला असेल तर तोही, असे दोन्ही बुडवा आणि तासाभराने पाहा. स्प्रू वाकवून मोडून बघा: तो पूर्वीसारखाच लवचिक असेल आणि पृष्ठभाग चिकट झालेला नसेल तर प्लॅस्टिकला धोका नाही. मग बाकीचे भाग बुडवा. इनॅमल अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. तो फुगतो, सुरकुततो आणि प्लॅस्टिकपासून पकड सोडतो. बरोबर वेळी भाग बाहेर काढला तर भिजलेल्या चण्याचे साल बोटाच्या दाबाने सुटावे तसा रंग पापुद्र्याने सरकतो. ही अवस्था काही तासांत येईल की दुसऱ्या दिवशी, हे रंगाच्या जाडीवर आणि वयावर अवलंबून आहे, आणि ते आधी सांगणे कोणालाही शक्य नाही. म्हणून दर काही तासांनी एक भाग काढून मऊ टूथब्रशने पाण्याच्या धारेखाली हलके घासून बघा. रंग निघत नसेल तर जोर लावू नका, परत बुडवा. पिटो ट्यूब, अँटेना, चाकांचे दांडे हे सगळे ब्रशच्या जोरानेच मोडतात, द्रवाने नव्हे. पॅनेल लाइनमध्ये उरलेला रंग बांबूच्या अगरबत्तीची काडी तासून तिच्या टोकाने, खाचेच्या दिशेनेच, काढावा; सुई वापरली तर खाचेची कड फाटते आणि वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, दिल्यावर ती दातेरी दिसते.

दिवसभर भिजवूनही थर हलला नाही तर दुसरी पायरी म्हणजे अल्कधर्मी क्लीनर. बाजारात ओव्हन क्लीनर म्हणून जे मिळतात त्यांपैकी बऱ्याच तीव्र प्रकारांत सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, असतो. तो इथे का चालतो हे समजून घेण्यासारखे आहे. अल्किड रंगाच्या रेणूंत एस्टरचे बंध असतात, आणि तेलापासून साबण बनतो त्याच अभिक्रियेने कॉस्टिक ते बंध तोडतो. रंगाचा थर जागेवरच साबणासारखा होऊन पाण्याने धुतला जातो. पॉलिस्टायरीनची साखळी केवळ कार्बन आणि हायड्रोजनची असते, तिथे तोडण्यासारखा असा बंधच नाही, म्हणून प्लॅस्टिक जसेच्या तसे राहते. जुन्या, हट्टी सिंथेटिक इनॅमलसाठी मी ब्रेक ऑइलपेक्षा हा मार्ग पसंत करतो याचे कारण हेच. त्याचे काम थिनरच्या उलट आहे: थिनर रंग आणि प्लॅस्टिक यांत भेद करत नाही, कॉस्टिक करतो. मात्र तो कातडी आणि डोळे यांनाही सोडत नाही. नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांच्या कडा झाकणारा चष्मा असल्याखेरीज डबा उघडू नये. फवारा घरात मारू नये. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भाग ठेवून आत फवारावे आणि पिशवी बंद करावी. द्रव डोळ्यात गेला तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. ॲल्युमिनियमचा कोणताही भाग, वळवलेल्या धातूच्या नळ्या किंवा ताटली यांना हा द्रव लागू देऊ नका. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. सुटा कॉस्टिक सोडा आणून घरी द्रावण करण्याचा सल्ला, मुले असलेल्या घरात, मी देणार नाही.

तुमच्या मित्राचे ब्रेक ऑइलही चुकीचे नाही. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉल इथर जातीची असतात, ती इनॅमल आणि ॲक्रिलिक दोन्ही उतरवतात, आणि जगभरचे मॉडेलकार ती पूर्वापार वापरत आले आहेत. सिलिकोनवर आधारित डॉट ५ मात्र निरुपयोगी आहे. ते रंग काढत नाही आणि त्याचा जो पातळ थर मागे राहतो त्यावर नवा रंग धरत नाही. तरीही तुमच्या घरासाठी मी ब्रेक ऑइल शेवटी ठेवीन. ते पोटात गेले तर विषारी आहे, आणि ओशट असल्यामुळे फरशी, टेबल, दाराची कडी असे सगळीकडे पसरते. शिवाय वापरून झाल्यावर ते टाकायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. मित्राच्या गॅरेजात त्याची विल्हेवाट रीतसर होत असेल तर काम तिथेच करा, घरी आणू नका.

रंग ॲक्रिलिक निघाला तर डेटॉलही चालते, पाणी न मिसळता. त्यातील टर्पिनिऑल आणि अल्कोहोल रंग सैल करतात. मात्र रंग सैल झालेला भाग थेट नळाखाली धरला तर डेटॉल, रंग आणि पाणी यांचा चिकट लगदा होतो, तो खाचांत बसतो आणि मग निघत नाही. म्हणून घासणे डेटॉलमध्येच पूर्ण करावे, स्वच्छ डेटॉलमध्ये एकदा बुडवून काढावे आणि नंतरच भांड्यांच्या साबणाने धुवावे.

कॅनोपीसाठी, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणासाठी, वरीलपैकी काहीच लागू करू नका. पारदर्शक पॉलिस्टायरीन ठिसूळ असते, साच्यातून निघतानाच त्याच्यात ताण अडकलेला असतो, आणि अल्कोहोलात राहिल्यास त्या ताणाच्या रेषांवर बारीक तडे फुटतात. कॅनोपी सुटत असेल तर काढा. तिच्या चौकटीवरचा इनॅमल लाकडी टूथपिकची चपटी धार करून खरवडा, आणि उरलेले ओरखडे २००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने व नंतर दात घासण्याच्या साध्या पांढऱ्या पेस्टने घालवा. कॅनोपी सुटतच नसेल, किंवा आतले कॉकपिट भावाची आठवण म्हणून तसेच ठेवायचे असेल, आणि ती इच्छा मला फार रास्त वाटते, तर मॉडेल बुडवायचेच नाही. टिश्यू पेपरच्या पट्ट्या अल्कोहोलने भिजवून फक्त पंख, शेपटी आणि पोट यांवर चिकटवा, वरून स्वयंपाकघरातील क्लिंग फिल्म गुंडाळा, म्हणजे द्रव उडणार नाही. पट्ट्या ओल्या ठेवाव्यात, ओघळणाऱ्या नव्हेत. याला वेळ जास्त लागतो, पण द्रव नेमका हवा तिथेच राहतो.

आता मुले आणि विहीर. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ज्वलनबिंदू सुमारे १२ अंश सेल्सियस आहे. गोव्यात घरातले तापमान वर्षभर त्याच्या कितीतरी वर असते, म्हणजे उघड्या बरणीवर पेटू शकणारी वाफ नेहमीच असते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकते. देवघरातील समई, गॅसची शेगडी, डासांसाठी लावलेली कॉइल ही त्याच खोलीत किंवा लगतच्या खोलीत चालू असता कामा नये. बरणीवर ठळक नाव लिहा, ती कुलपात ठेवा, आणि कोणताही द्रव पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नका.

आपल्याकडे जुन्या घरांत न्हाणीचे आणि मोरीचे पाणी माडाच्या आळ्यात सोडलेले असते, आणि जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे आळ्यातले पाणी विहिरीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. म्हणून पहिली धुलाई मोरीत करू नका, बादलीत करा. वापरलेले अल्कोहोल झाकून ठेवले की रंगाचा गाळ तळाशी बसतो. वरचे गाळून पुन्हा वापरता येते. गाळ जुन्या वर्तमानपत्रावर पसरून उघड्यावर, मुलांपासून दूर, पूर्ण सुकू द्या आणि तो गुंडाळून कचरा गोळा करणाऱ्यांकडे घातक कचरा म्हणून वेगळा द्या. जुन्या हार्डवेअर इनॅमलमध्ये शिसे असू शकते, हेही लक्षात ठेवा. याच कारणाने असा रंग कोरडा घासून त्याची धूळ करू नये.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा होईल: कॅनोपी आणि नोझल काढणे, एका टाकीवर चाचणी, मग ९९ टक्के अल्कोहोल, ते हरल्यास उघड्यावर ओव्हन क्लीनर, आणि ब्रेक ऑइल केवळ गॅरेजात.

रंग उतरल्यावर सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा. पाणी उकळते नको. पातळ पंख गरम पाण्यात वाकतात आणि हॅरियरच्या पंखांचा खाली झुकलेला कोन बिघडला तर तो डोळ्याला लगेच खटकतो. प्लॅस्टिकवर जुन्या रंगाची फिकट छटा राहिली तर ती घालवण्याचा हट्ट धरू नका, प्रायमरखाली ती दिसत नाही. पोकळ भाग नाक खाली, मग शेपटी खाली असे आळीपाळीने टेकवून निथळू द्या. जून ते सप्टेंबर या काळात आतले पाणी सुकायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, तेव्हा भाग पंख्याखाली ठेवा आणि घाई करू नका. लॅकर प्रायमर भर पावसात मारल्यास द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि प्रायमर पांढुरका पडतो; उघडीप मिळाल्यावर दुपारी किंवा एसी ड्राय मोडवर ठेवून आधीच कोरड्या केलेल्या खोलीत भाग आणून, खिडकी उघडून फवारा. आधी करड्या प्रायमरचा एकच पातळ हात द्या. जुन्या रंगाची राहिलेली कड त्याखाली पायरीसारखी उठून दिसते. ती ओल्या १००० पेपरने सपाट करून दुसरा हात द्यावा. त्यानंतर पोटाचा पांढरा आधी आणि वरचा गडद करडा नंतर द्या, कारण करड्यावर पांढरा झाकायला थर वाढवावे लागतात आणि ज्या पॅनेल लाइनसाठी हा खटाटोप केला त्या पुन्हा बुजू लागतात.